विदर्भ आणि मराठवाडा : एकाच राज्यघटनेतील दोन प्रदेशांच्या स्वायत्त हक्कांचा तुलनात्मक इतिहास

सारांश

भारतीय राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भ आणि मराठवाडा या दोन प्रदेशांसाठी एकाच शब्दांत विशेष तरतूद करण्यात आली आहे. तथापि हे दोन प्रदेश भिन्न ऐतिहासिक वाटांनी महाराष्ट्रात आले. स्वतःची राजधानी, विधिमंडळ, उच्च न्यायालय व विद्यापीठ असलेला विदर्भ करार करून आला, तर संस्थानी राजवटीतून नुकताच मुक्त झालेला मराठवाडा भाषिक ऐक्याच्या भावनेने आला. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड व वेल्स यांना १९९८ च्या कायद्यांनी मिळालेल्या अधिकारांच्या इतिहासाशी या दोन वाटांचे लक्षणीय साम्य आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या साम्याच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, घटनात्मक तरतूद समान असली तरी तिचे फळ हे त्या प्रदेशाने सोबत आणलेल्या संस्थांवर आणि ती तरतूद बंधनकारक आहे की ऐच्छिक यावर अवलंबून असते.

बीजसंज्ञा : कलम ३७१(२), नागपूर करार, अकोला करार, वैधानिक विकास मंडळ, अनुशेष, अधिकारप्रदान, स्कॉटलंड, वेल्स.

१. प्रस्तावना

महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. या घटनेचा इतिहास बहुधा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या अंगाने लिहिला गेला आणि त्यात मुंबईचा प्रश्न केंद्रस्थानी राहिला. परंतु महाराष्ट्राची निर्मिती म्हणजे तीन भिन्न प्रशासकीय परंपरा असलेल्या प्रदेशांचे एकत्रीकरण होते, ही बाब त्यामुळे काहीशी मागे पडली. जुन्या मुंबई प्रांतातील मराठी जिल्हे, मध्य प्रांत व वऱ्हाडातील मराठी जिल्हे आणि हैदराबाद संस्थानातील मराठी जिल्हे यांचे कायदे, न्यायालये, महसुलाच्या पद्धती आणि शिक्षणाची माध्यमे वेगवेगळी होती. एका भाषेच्या छत्राखाली आलेल्या या प्रदेशांना समान न्याय कसा द्यावयाचा, हा प्रश्न राज्यनिर्मितीपूर्वीच उपस्थित झाला होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्यापि मिळालेले नाही.

मराठवाड्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या भूमसारख्या तालुक्यातून पाहिले असता हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. सिंचनाचे पाणी, न्यायालयाचे अंतर, तंत्रशिक्षणाच्या जागा आणि शासकीय नोकऱ्या या चार गोष्टींशी तो थेट निगडित आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) विदर्भ व मराठवाडा यांच्या महाराष्ट्रातील समावेशाच्या प्रक्रियेतील फरक स्पष्ट करणे, (२) नागपूर करार व कलम ३७१(२) यांतील संबंध तपासणे, (३) समान तरतुदीचे दोन प्रदेशांतील परिणाम भिन्न का झाले याची मीमांसा करणे. यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून करार, घटनात्मक तरतुदी आणि शासननियुक्त समित्यांचे निष्कर्ष हा अभ्यासाचा आधार आहे.

३. तुलनेची चौकट : स्कॉटलंड आणि वेल्स

स्कॉटलंड व इंग्लंड यांचे एकीकरण १७०७ मध्ये झाले. हे एकीकरण तहाने झाले आणि त्या तहाने स्कॉटलंडची स्वतंत्र कायदेपद्धती, न्यायालये व धर्मसंस्था अबाधित ठेवल्या. संसद गेली, पण संस्था राहिल्या. वेल्सचा इतिहास वेगळा आहे. १५३६ व १५४२-४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत पूर्णपणे विलीन झाला व तेथे इंग्रजी कायदाच लागू झाला. वेल्सजवळ उरली ती प्रामुख्याने भाषा आणि सांस्कृतिक अस्मिता.

या फरकाचे पडसाद विसाव्या शतकातही उमटले. १९७९ च्या सार्वमतात स्कॉटलंडमध्ये मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी स्वतंत्र विधानसभेच्या बाजूने कौल दिला; परंतु एकूण मतदारांच्या ४० टक्के पाठिंब्याची अट पूर्ण न झाल्याने तो निष्फळ ठरला. वेल्समध्ये मात्र सुमारे ८० टक्के मतदान विरोधात गेले. १९९७ मध्ये स्कॉटलंडने ७४.३ टक्के, तर वेल्सने अवघ्या ५०.३ टक्के मतांनी अनुकूल कौल दिला. त्यानुसार १९९८ च्या कायद्यांनी स्कॉटलंडला मूलभूत कायदे करणारी संसद मिळाली. वेल्सच्या सभेला केवळ दुय्यम नियम करण्याचा अधिकार मिळाला. वेल्सला पुढे २००६ चा कायदा, २०११ चे सार्वमत आणि २०१७ चा कायदा अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. थोडक्यात, ज्याच्याजवळ आधीपासून संस्था होत्या त्याला अधिक मिळाले आणि ज्याच्याजवळ नव्हत्या त्याला हप्त्याहप्त्याने मिळाले.

अर्थात ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावयाची आहे. स्कॉटलंड व वेल्स येथे निर्वाचित प्रतिनिधिगृहे आहेत. विदर्भ व मराठवाडा यांना तशी कधीच मिळाली नाहीत. म्हणूनच साम्याइतकाच हा भेदही पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

४. विदर्भ : संस्थांसह आलेला प्रदेश

नागपूर हे मध्य प्रांत व वऱ्हाडाचे आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. तेथे सचिवालय होते, विधिमंडळ होते, १९२३ पासून विद्यापीठ होते आणि १९३६ पासून उच्च न्यायालय होते. स्वतंत्र महाविदर्भाची मागणी करणारा ठराव मध्य प्रांताच्या विधिमंडळाने १९३८ मध्येच संमत केला होता. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोर धरण्यापूर्वीच विदर्भाजवळ स्वतःचा राजकीय पर्याय तयार होता.

८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. एका संयुक्त महाराष्ट्र प्रांतात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, त्यांना स्वतंत्र विधिमंडळ व मंत्रिमंडळ असावे आणि वरती एकच राज्यपाल असावा, अशी त्याची मूळ कल्पना होती. ते शक्य न झाल्यास स्वतंत्र महाविदर्भ मागावा, असा पर्यायही त्यात होता. लोकनायक बापूजी अणे आणि शंकरराव देव यांसारखे नेते या वाटाघाटीत होते. आजच्या परिभाषेत ज्याला राज्यांतर्गत अधिकारप्रदान म्हणता येईल, त्याचा हा मराठी भूमीतील पहिला सविस्तर आराखडा होय. तो अमलात आला असता तर स्कॉटलंडच्या संसदेच्या अर्धशतक आधी महाराष्ट्रात तशी रचना उभी राहिली असती. हैदराबाद संस्थानातील मराठवाडा त्या वेळी भारतीय संघराज्यात सामीलच झालेला नसल्याने या आराखड्यात त्याला स्थान नव्हते.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. पण तिच्यामुळे विदर्भाच्या हक्काला एका राष्ट्रीय आयोगाची मान्यता मिळाली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत नागपूरमधून बापूजी अणे अपक्ष म्हणून निवडून आले, हे त्या भावनेच्या टिकाऊपणाचे द्योतक होते.

५. मराठवाडा : भावनेसह आलेला प्रदेश

मराठवाड्याची स्थिती याच्या अगदी उलट होती. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपुष्टात आली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांची राजधानी हैदराबाद हे तेलुगू भाषक प्रदेशातील शहर होते. उच्च शिक्षण उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठात, न्यायाचे शेवटचे ठिकाण हैदराबादेत आणि प्रशासनाची भाषा उर्दू, अशी परिस्थिती होती. १९३७ मध्ये परतूर येथे अधिवेशन भरवून महाराष्ट्र परिषदेने आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने जी जागृती केली, तिचे सूत्र मुक्ती आणि भाषिक ऐक्य हे होते. स्वतंत्र मराठवाडा राज्य हा पर्याय त्या पिढीसमोर गांभीर्याने कधी आलाच नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. तेलंगणाला हैदराबाद शहर मिळाले. कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राजधानी, उच्च न्यायालय आणि विद्यापीठ हे सर्व मागेच राहिले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली.

‘मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला’ हे विधान आपल्याकडे वारंवार केले जाते. ते अंशतःच खरे आहे. मराठवाड्याने आपला स्वतंत्र मसुदा पुढे ठेवला नाही, सामील न होण्याचा पर्याय राखून वाटाघाटी केल्या नाहीत, या अर्थाने ते बरोबर आहे. परंतु नागपूर करारावर मराठवाड्याच्या वतीनेही स्वाक्षऱ्या झाल्या आणि त्यात देवीसिंग चौहान यांचा समावेश होता. तेव्हा अटी होत्या. मात्र त्या पाळल्या न गेल्यास काय करावयाचे, याचे साधन मराठवाड्याजवळ नव्हते. ‘बिनशर्त’ या शब्दाने हा करारातील हक्क आपण स्वतःच झाकून टाकला, असे म्हणावे लागते.

६. नागपूर करार : आश्वासनांचे स्वरूप

२८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे प्रभृती नेत्यांच्या स्वाक्षऱ्या आहेत. त्यातील प्रमुख बाबी अशा : मंत्रिमंडळात व शासकीय सेवांत लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व, निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात, मात्र मराठवाड्याच्या अविकसित स्थितीमुळे त्याच्याकडे विशेष लक्ष, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ मुंबईस व दुसरे नागपुरास, शासनाचे ठरावीक काळ नागपुरास वास्तव्य आणि विधिमंडळाचे दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरास.

या बाबींचे बारकाईने वाचन केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. विदर्भाला मिळालेली आश्वासने मूर्त आहेत. न्यायपीठ, अधिवेशन, शासनाचे वास्तव्य यांची पूर्तता झाली की नाही हे कोणालाही तपासता येते. मराठवाड्याला मिळालेले आश्वासन ‘विशेष लक्ष’ असे आहे. लक्ष किती दिले, ते कोणी मोजावयाचे आणि कमी पडल्यास कोणाकडे दाद मागावयाची, यावर करार मौन बाळगतो. १९६० पासून नागपूर अधिवेशनाची प्रथा मोजक्या अपवादांनी चालू राहिली. मराठवाड्यात मंत्रिमंडळाच्या बैठका अधूनमधून झाल्या, उदाहरणार्थ २०१६ व २०२३ मध्ये, पण त्या शासनाच्या इच्छेवर अवलंबून राहिल्या.

७. कलम ३७१(२) : समान शब्द, असमान आरंभ

सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये कलम ३७१ ला जे रूप आले आणि १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने ज्यात बदल झाला, त्यानुसार राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापन करणे, विकासखर्चाच्या निधीचे न्याय्य वाटप करणे, आणि तंत्रशिक्षण, व्यवसायशिक्षण व राज्यसेवेतील संधी यांची न्याय्य व्यवस्था करणे, अशी ही जबाबदारी आहे. मंडळांच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावयाचा आहे.

येथे दोन मुद्दे नोंदविणे आवश्यक आहे. पहिला, करारातील मराठवाड्याविषयीचे ‘विशेष लक्ष’ घटनेत आले नाही. तेथे तिन्ही प्रदेश एकाच पातळीवर आहेत. दुसरा, राष्ट्रपती असा आदेश काढू ‘शकतात’. त्यांनी तो काढलाच पाहिजे असे नाही. या एका क्रियापदाची किंमत मोठी ठरली. विधिमंडळाने मंडळांसाठी ठराव केला तो जुलै १९८४ मध्ये, आणि राष्ट्रपतींचा आदेश निघाला ९ मार्च १९९४ रोजी. डॉ. पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. तरतूद आणि अंमलबजावणी यांत ३७ वर्षांहून अधिक काळ गेला. मंडळांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली; ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली तेव्हा ती मिळाली नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला; म्हणजे एका घटनात्मक तरतुदीतून उभी राहिलेली संस्था दोन वर्षांहून अधिक काळ अस्तित्वातच नव्हती.

८. न्यायपीठांचा दाखला

संस्था सोबत आणणे आणि मागून मिळविणे यांतील फरक उच्च न्यायालयाच्या पीठांवरून उत्तम रीतीने दिसतो. नागपूरच्या पीठाला १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यानेच वैधानिक स्थान मिळाले. ते राज्याच्या आरंभापासूनच होते. औरंगाबादचे पीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले, तेही १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या आधारे मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने. त्यास आव्हान देण्यात आले आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते टिकले. दरम्यानची सुमारे २५ वर्षे भूम, परांडा वा उमरगा येथील पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत होती. वेल्समध्येही न्यायव्यवस्था इंग्लंडबरोबर एकच राहिली आणि ती स्वतंत्र करावी अशी शिफारस करणारा आयोगाचा अहवाल येण्यास २०१९ साल उजाडले, हे येथे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

९. अनुशेषाचे गणित

मराठवाड्यातील असंतोष १९७४ च्या विकास आंदोलनात प्रकट झाला. १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि मराठवाड्याला प्रथमच हे पद मिळाले. त्यानंतर शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख व अशोक चव्हाण यांनीही ते भूषविले. विदर्भातून मा. सां. कन्नमवार व वसंतराव नाईक यांनी आधीच ते सांभाळले होते. परंतु व्यक्तीला मिळालेले पद आणि प्रदेशाला मिळालेला हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अनुशेषाच्या आकडेवारीवरून सिद्ध होते.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हा हा घटक व राज्याची सरासरी हे माप धरून एकूण ३१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी म्हणजे सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये ठरविला. त्यात विदर्भाचे ६६२४.०२ कोटी (४७ टक्के), मराठवाड्याचे ४००४.५५ कोटी (२९ टक्के) आणि उर्वरित महाराष्ट्राचे ३३७८.२० कोटी (२४ टक्के) होते. किमती व निकष बदलल्याने रकमांची थेट तुलना योग्य नाही. परंतु वाट्यांची तुलना बोलकी आहे. दोन्ही मागास प्रदेशांचा वाटा वाढला आणि उर्वरित महाराष्ट्राचा घटला.

या आकड्यांवरून एक महत्त्वाची मर्यादाही मान्य करावी लागते. संस्था सोबत आणलेल्या विदर्भाचाच अनुशेष अधिक आहे. म्हणजे संस्थांमुळे प्रदेशाचा आवाज टिकतो, विकास आपोआप होत नाही. न्यायपीठ व अधिवेशन यांनी नागपूरला महत्त्व दिले; पण अमरावती विभागातील सिंचनाला त्यांनी पाणी दिले नाही. ब्रिटनमध्येही हेच दिसते. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निधीतील वाढ लोकसंख्येच्या प्रमाणात देणारे बार्नेट सूत्र रूढ झाले. गरजेचा विचार न करणारे हे सूत्र वेल्सला अन्यायकारक आहे, असा निष्कर्ष २०१० च्या सुमारास होल्टम आयोगाने काढला. नागपूर करारातील ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ हे तत्त्व आणि त्यावरील मराठवाड्याचा आक्षेप यांचे हे जणू दुसरे रूप होय. मागास प्रदेशाला लोकसंख्येइतका वाटा दिल्याने अंतर कायम राहते; ते कमी व्हावयाचे असेल तर गरजेइतका वाटा द्यावा लागतो.

१०. प्रदेशाच्या आत : भूम तालुक्याचा संदर्भ

मराठवाडा हा एकजिनसी प्रदेश नाही. त्याचा बहुतांश भाग गोदावरीच्या खोऱ्यात आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचा मोठा भाग आणि बीडमधील आष्टी मात्र कृष्णेच्या खोऱ्यात येतात. भूम व परांडा हा पट्टा सीनेच्या पाण्याशी बांधलेला आहे. येथील सिंचनाची आशा कृष्णा-मराठवाडा प्रकल्पावर आहे. याचा अर्थ असा की, भूमच्या शेतकऱ्याचे पाणी ज्या खोऱ्यात आहे त्याचा बहुतेक भाग घटनेच्या भाषेत ‘उर्वरित महाराष्ट्रात’ मोडतो. उलट शेजारचे जामखेड, करमाळा व बार्शी हे तालुकेही अवर्षणप्रवण असून ते मराठवाड्याच्या कक्षेबाहेर आहेत. प्रादेशिक सीमा आणि दुष्काळाची सीमा एक नाही.

दांडेकर समितीने जिल्हा हा घटक मानल्याने जिल्ह्यातील विषमता झाकली गेली. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ च्या अहवालात तालुका पातळीवरील विचार व पाण्याचा प्रश्न यांना महत्त्व दिले, हे या दृष्टीने योग्य पाऊल होते. २०१८ मध्ये उस्मानाबादचा समावेश केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्रातील अशा चार जिल्ह्यांत विदर्भातील गडचिरोली व वाशीम आहेत आणि नंदुरबार उर्वरित महाराष्ट्रातील आहे. मुंबईकडून अधिकार औरंगाबादेस आले आणि तेथेच थांबले, तर भूमच्या दृष्टीने केवळ राजधानी जवळ आली, एवढाच त्याचा अर्थ होतो.

११. तेलंगणाचा धडा

मराठवाड्यासोबत एकाच संस्थानात असलेल्या तेलंगणाचा इतिहास येथे उद्‌बोधक आहे. १९५६ च्या सभ्य गृहस्थांच्या कराराने आणि कलम ३७१(१) खालील प्रादेशिक समितीने त्याला संरक्षण देण्यात आले. त्या समितीत प्रदेशाचे आमदार असत. तरीही करार पाळला जात नसल्याची भावना बळावली, १९६९ चे आंदोलन झाले, आणि १९७३ मध्ये सहा कलमी सूत्राच्या पार्श्वभूमीवर समिती संपुष्टात आली. अखेर २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडने सार्वमतात ५५ टक्के मतांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा निर्णय घेतला. अधिकार असलेला प्रदेश राहिला आणि आश्वासने मोडलेला प्रदेश गेला, असे सरसकट विधान करणे घाईचे होईल. स्कॉटलंडमधील ४५ टक्के मते दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. परंतु आश्वासनांचा भंग हा ऐक्याला अधिकारांपेक्षा अधिक घातक असतो, एवढे या दोन उदाहरणांवरून निश्चित म्हणता येते.

१२. निष्कर्ष

१) विदर्भ व मराठवाडा यांना एकच घटनात्मक तरतूद लागू असली तरी त्यांचा आरंभबिंदू भिन्न होता. विदर्भाची वाट स्कॉटलंडशी, तर मराठवाड्याची वाट वेल्सशी मिळतीजुळती आहे.

२) कायद्याने निर्माण झालेल्या संस्था टिकल्या, इच्छेवर व मुदतवाढीवर अवलंबून असलेल्या संस्था खंडित झाल्या. नागपूरचे न्यायपीठ आणि विकास मंडळे ही त्याची दोन टोके आहेत.

३) ब्रिटनमध्ये अधिकार निर्वाचित सभांना मिळाले, महाराष्ट्रात जबाबदारी राज्यपालांवर सोपविली गेली. त्यामुळे अनुशेष राहिला तर मतदाराने कोणाला जाब विचारावयाचा, हे निश्चित झाले नाही. हा कलम ३७१(२) मधील मूलभूत दोष होय.

४) मराठवाड्याने ‘बिनशर्त’ सामील झाल्याचा अभिमान बाळगताना नागपूर करारातील आपल्या हक्काचे विस्मरण होऊ देणे इष्ट नाही. भाषिक ऐक्याची निष्ठा आणि न्याय्य वाट्याची मागणी यांत विरोध नाही.

५) यापुढील कोणतीही प्रादेशिक व्यवस्था स्थायी स्वरूपाची, विधानसभेला उत्तरदायी आणि तालुका हा घटक मानणारी असणे आवश्यक आहे. तसे झाले तरच १९५३ मध्ये दिलेला शब्द भूमसारख्या सीमेवरील तालुक्यापर्यंत पोहोचेल.